मामाचा फोन माझ्या हातात होता

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्या तर नाहीच — देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही ऐनवेळी विषय बदलला आणि पोराची परीक्षा पुढे केली. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांना सांगायचं तर त्यांच्या नजरेतून उतरावं लागतं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आजही नाही.

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही उलगडायचं नाही. मी नाशिकची. जन्म इथला, शाळा इथली, तीही मराठी. पण वडील नेपाळचे — पश्चिमेकडच्या डोंगरातले, अछाम जिल्ह्यातले. कॉलेज रोडच्या एका बंगल्यावर ते वॉचमन होते आणि गेटलगतच्या खोलीत आम्ही राहायचो. त्यांचं नाव गगनसिंह, पण अख्ख्या कॉलनीसाठी ते ‘बहादूर’. शेजारच्या बंगल्यावरचाही बहादूरच, बेकरीतला बहादूर, चायनीजच्या गाडीवरचाही बहादूर. एका गावात इतके शूरवीर — आणि त्यातल्या एकालाही कुणी ‘बसा’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. हा राग माझ्यात लहानपणापासून मुरलेला आहे. पण तो पुढे करून मला सुटायचं नाही. मी जे केलं त्याचा रागाशी काही संबंध नव्हता, हे आताच सांगून टाकते.

लग्न सिन्नरकडच्या मराठी घरात झालं. आडनाव बदललं, मी विम्याची एजंट झाले आणि माणसं मला ‘मॅडम’ म्हणू लागली. आमच्या लोकांपैकी कुणाचं काही अडलं — दवाखाना, शाळेतला प्रवेश, पोलीस पडताळणीचं लचांड — की मला फोन. मी जायची, खणखणीत मराठीत बोलायची, काम व्हायचं. आमच्या मंडळाची सेक्रेटरी झाले ती अशी. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

मग ती बातमी आली. आमच्याच जिल्ह्यातला, आमच्याच डोंगराचं पाणी प्यायलेला एक माणूस नेपाळचा पंतप्रधान झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याचा यात काही दोष नाही. पण आमच्या लोकांना काय झालं म्हणून सांगू! अंबडच्या कंपन्यांच्या गेटवर, हॉटेलांच्या मोऱ्यांपाशी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. कारण तो नुसता आमच्या जिल्ह्याचा नव्हता. तरुणपणी, तिकडे त्याच्या नावाने वॉरंट निघालं तेव्हा तो पळून नाशिकला आला होता आणि द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलात वर्षभर भांडी घासत होता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याच मोरीवर त्याच्या शेजारी उकिडवं बसून भांडी घासणारा माणूस आमच्यात अजून होता. खडक मामा.

खडकबहादूर त्याचं नाव. माझ्या आईच्या गावचा म्हणून मामा, रक्ताचं नातं नाही. भांडी घासता घासता तो आचारी झाला आणि पुढे त्याच्या मिसळीच्या रश्श्यासाठी लोक पार सातपूरहून यायला लागले. बोलायला नाशिककरांहून नाशिककर. बायको फार पूर्वी वारली, मूलबाळ नाही. गावाकडे म्हातारी आई आणि धाकटी बहीण जानकी. जानकी लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच माहेरी परतली होती आणि आईला तीच सांभाळायची. दुपारी हॉटेलातली गर्दी ओसरली की मामा रोज गावाला फोन करायचा. बोलायचं असं काही नसायचंच. आई विचारायची, जेवलास का? हा म्हणायचा, जेवलो. बस, एवढंच. आणि खरं तर तेव्हा त्याच्या पोटात अन्नाचा कण नसायचा, आधी फोन आणि मग ताट अशी त्याची रीत होती.

आता माझं ऐका. त्याच सुमारास महापालिकेची निवडणूक येऊ घातली होती आणि आमचा भाग महिलांसाठी राखीव होणार अशी कुणकुण होती. मी ज्या पक्षाच्या मागे-मागे फिरत होते, त्याचे शहरातले साहेब एकदा चहा पिता पिता म्हणाले, “ताई, काम आहे ना तुमचं, नाय कोण म्हणतं? पण तुमच्या मागं माणूस किती, ते काय आम्हाला कधी दिसलं नाय. एकदा दाखवा की.”

दाखवते, म्हटलं. आणि सत्कार ठरला.

ज्याचा सत्कार तो काठमांडूत आणि सत्कार पाथर्डी फाट्याच्या लॉन्सवर! हसा तुम्ही खुशाल. पण परमुलखात पोट भरणाऱ्यांचं असंच असतं — आपल्यातला कुणी मोठा झाला की त्यांना कुणाला तरी शाल घालायचीच असते, आणि तो समोर नसला तर ती खुर्चीला घालतात. आम्ही खुर्ची ठेवली. खुर्चीवर फोटो, फोटोला फेटा, पुढ्यात श्रीफळ, दिंडोरीच्या द्राक्षांची पेटी. काठमांडूला ती पोचेपर्यंत तिचे मनुके झाले असते, पण असू दे. फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा यावरून मंडळात जवळपास हातघाईची वेळ आली. शेवटी पंतप्रधान आणि आमचे साहेब साधारण एका मापाचे निघाले. मी वरच्या उजव्या कोपऱ्यात होते. तो कोपरा मिळावा म्हणून मी काय काय केलं ते सांगत नाही, तो वेगळा निर्लज्जपणा आहे.

मांडववाल्याने तर कहर केला. मोठा फोटो दिसला की त्याला चंदनाचा हार घालायचा एवढंच त्याला माहीत. त्याने घातला. मामा सकाळी येऊन बघतो तो काय! असा भडकला की विचारू नका. “जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात का रं? काढ आधी तो!” आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

पण गर्दी जमली होती ती या खुर्चीसाठी नव्हे. पंतप्रधान स्वतः व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बोलणार होते. त्यांच्या स्वीय सचिवापर्यंत मी कशीबशी पोचले होते आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं — साहेबांना नाशिकमधलं एकच नाव आठवतं. खडक दाइ, म्हणजे खडकदादा, मंचावर असेल तर बोलतील, नाहीतर लेखी शुभेच्छा पाठवू. म्हणजे कळलं ना तुम्हाला? मामा असेल तर कॉल. कॉल असेल तर आमचे साहेब, पत्रकार, कॅमेरे. आणि ते सगळं असेल तर मी.

नमनालाच घडाभर तेल झालं. मी टाळते आहे, मलाही कळतंय.

तर तो रविवार. लॉन्स गच्च भरलं होतं. बाया लाल साड्यांत, गळ्यात पोतेच्या, म्हणजे बारीक काचमण्यांच्या, माळा, पोरं मादल वाजवत होती. मामाने मुद्दाम दौरा-सुरुवाल शिवून घेतला होता, डोक्यावर नवी ढाका टोपी. इतका देखणा दिसत होता तो! मंचाची पायरी चढायच्या आधी त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला.

“सरू, सगळा व्हिडिओ काढ. माझ्याच फोनात काढ हां. आमाला दाखवायचाय. तिला पटंनाच. म्हणती, तू रस्सा ढवळणारा माणूस, तुझ्याशी पंतप्रधान कशाला बोलतोय?”

आमा म्हणजे आई. मी म्हटलं, काढते मामा, तुम्ही बिनघोर बसा.

साहेबांचं भाषण चाललं होतं. मी मंचाच्या कडेला उभी राहून चित्रण करत होते आणि हातातला फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं — जानकी. स्पीकरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी मांडवामागे, आचाऱ्यांच्या पातेल्यांपाशी गेले आणि फोन उचलला.

जानकी रडत नव्हती. घाईत होती. आमाला पहाटेपासून घरघर लागली आहे. डोळे उघडत नाही, पण मधून मधून दादाचं नाव घेते आहे. मी फोन तिच्या कानाशी धरते, दादाला म्हणावं एक शब्द बोल. काहीही बोल. तिला आवाज ओळखू येतो अजून.

आणि तेवढ्यात मांडवाच्या फटीतून लॅपटॉप सांभाळणाऱ्याने मला हात करून सांगितलं — काठमांडूचा निरोप आलाय, पाच मिनिटांत जोडतात.

तुमच्या हातात तो फोन असता तर तुम्ही काय केलं असतं? उत्तर देऊ नका. मला माहीत आहे. कुणीही तेच केलं असतं — धावत मंचावर जाऊन फोन त्याच्या कानाला लावला असता. पाच-सहा पायऱ्या तर होत्या.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते जसंच्या तसं सांगते. म्हातारी आली नाही. मामाही आला नाही. सुतक आलं. आमच्यात त्याला जुठो म्हणतात, पण गोष्ट एकच. आई गेल्याचं कळलं की मुलाने टोपी काढायची, अंगावरचं शुभाचं सगळं उतरवायचं, अंघोळ करायची आणि तेरा दिवस कुणाला शिवायचं नाही. फेटा नाही, शाल नाही, टिळा नाही. आणि दुसरंही एक तुम्हाला ठाऊक असेल — दूरदेशी असलेल्याला सुतक लागतं ते कानावर पडल्यापासून. ऐकलं नाही तोवर माणूस शुद्ध. फोन दिला आणि त्याच्या कानातच म्हातारीने श्वास सोडला तर? मंचावरून उतरेल तो. रिकामी खुर्ची आणि फेटा घातलेला फोटो एवढंच उरेल. पंतप्रधान कुणाशी बोलणार? साहेब काय म्हणणार?

एवढा सगळा हिशोब मी केला — जानकी पलीकडे थांबलेली असताना.

मग मी म्हणाले — “सांगितलं त्याला. तो मंचावर आहे. कार्यक्रम झाला की करतो म्हणाला.”

हेच ते. हेच आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

‘सांगते’ असं म्हणाले असते तरी एक वेळ — पण नाही. ‘सांगितलं’ म्हणाले. आणि वर त्याच्या तोंडी उत्तरही घातलं. इतकं गुळगुळीत, इतकं तयार वाक्य, हप्ता थकलेल्या गिऱ्हाइकाला सांगते तसं. जानकीने विचारलं, “दादा असं म्हणाला?” मी म्हणाले, हो. तेव्हासुद्धा वेळ होती, बरं का. तिने मला दुसरी संधी दिली होती आणि मी ‘हो’ म्हणाले.

फोन ठेवला. तो फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे पुन्हा वाजायला नको. आणि आलेल्या कॉलची नोंद पुसून टाकली. हे का सांगते आहे? कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची अशी समजूत घातली की गडबडीत झालं, सुचलं नाही. गडबडीत माणूस नोंदी पुसत नाही.

याहूनही वाईट पुढे आहे. काठमांडूची पाच मिनिटं ती. तिकडे कसलीतरी बैठक लांबली आणि आम्ही वाट बघत बसलो. दोन भाषणं झाली. पोरींचे नाच झाले. एकाने कविता म्हटली, ती संपेचना. तास उलटून गेला असेल. आणि त्या सगळ्या वेळात मामा माझ्यापासून चार हातांवर बसलेला, डोक्यावर टोपीच्या जागी आता भगवा फेटा. मधून मधून माझ्याकडे बघून भुवया उडवायचा — येतोय ना व्हिडिओ? मी मान हलवायची — येतोय. त्या तासाभरात किती वेळा फ्लाइट मोड काढता आला असता, किती वेळा त्याच्या कानात सांगता आलं असतं! एका क्षणाचा मोह होता असं म्हणायची सोयच नाही. मी ते पुन्हा पुन्हा केलं, प्रत्येक मिनिटाला नव्याने केलं.

तुम्ही म्हणाल, लग्नघरात असं करतातच. मांडवात मयताची बातमी आली की दोन जाणती माणसं ती पोटात ठेवतात, अक्षता पडू देतात, मग सांगतात. मीही स्वतःला हेच सांगत होते. पण तिथे माणूस गेलेलं असतं हो. इथे ती जिवंत होती. तिला ऐकू येत होतं.

शेवटी कॉल लागला. पडद्यावर पंतप्रधान दिसले आणि लॉन्स नुसतं दणाणलं. ते हसले, आमच्या बोलीत म्हणाले, “खडक दाइ, तिथली मिसळ अजून तेवढीच तिखट असते का?” माणसं रडायला लागली. साहेब पडद्याकडे तोंड करून कॅमेऱ्यात येतील असे उभे राहिले. माइक मामाच्या हातात दिला आणि त्याला काही सुचेचना. मग त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच — “जेवलास का?”

देशाच्या पंतप्रधानाला, हजारभर माणसांदेखत — जेवलास का! केवढा हशा पिकला. पंतप्रधानही हसले, डोळे पुसले त्यांनी. मीही हसले. तो एक शब्द, जो तिकडे डोंगरात एका म्हातारीच्या कानात पडायला हवा होता, तो मी त्याच्याच फोनवर छान चित्रित करून घेतला.

मग जेवणं झाली, मटण-भात. मामाला लोक सोडेचनात, प्रत्येकाला त्याच्यासोबत फोटो हवा. मी त्याला जेवू दिलं. पोटभर. तेही मुद्दामच, कारण आता कळणार आणि मग त्याला तेरा दिवस मटण कसलं, मीठही नाही — एवढी माया मात्र मला सुचली! त्याने हात धुतले तेव्हा मी फ्लाइट मोड काढून फोन त्याला दिला. जानकीचा आवाजी निरोप येऊन पडला होता. त्याने तो तिथेच, नळापाशी उभा राहून ऐकला.

आमा गेली, एवढंच होतं त्यात. गावकरी नदीवर न्यायला निघाले आहेत.

मामाने आधी फेटा उतरवला. नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

“सरू, फोन आलता का मधी?”

“एकदा वाजला होता, मामा. पण आवाजच आला नाही. रेंज नसेल तिकडं.”

बघा किती सहज. एकदा सुरुवात झाली की खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत.

तो मान हलवून म्हणाला, “हां, तिकडं रेंजचा लय त्रास हे.” आणि मग, “कुणाला सांगू नको आत्ता. पोरं जेवत्यात. जेवू दे त्यांना.”

त्या संध्याकाळी आम्ही चौघं-पाच जण त्याला रामकुंडावर घेऊन गेलो. देशभरातून माणसं आपली मेलेली माणसं घेऊन तिथे येतात, आम्हाला तर ते घरचंच. त्याने डोकं भादरलं, थंड पाण्यात बुडी मारली आणि पांढरं नेसला. तेरा दिवस खोलीच्या कोपऱ्यात गवताच्या चटईवर. एक वेळ, स्वतः शिजवलेला बिनमिठाचा भात आणि तूप. मी रोज जायची. तूप मीच न्यायची. आमच्यात आईसाठी वर्षभर पांढरं घालतात, तसं त्याने घातलं. हॉटेलच्या भटारखान्यात पांढरे कपडे — रोज हळदीचे, तर्रीचे डाग. रोज धुवायचा.

भेटायला येईल त्याला तो एकच गोष्ट सांगायचा. “माझी आमा बघ कशी. कार्यक्रम होऊ दिला, पोटभर खाऊ दिलं, मग निरोप धाडला. मला सुतक लागू दिलं नाय तिनं.” ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. मंडळात ही गोष्ट एकमेकांना सांगितली जाते अजून, आईची माया कशी असते याचा दाखला म्हणून. मी तिथेच बसलेली असायची. मीही मान डोलावली आहे.

आणि माझं तिकीट? ते नाही मिळालं. साहेबांनी ते त्यांच्या वहिनींना दिलं. तेलही गेलं, तूपही गेलं — पण ही म्हण मला वापरायचा अधिकार नाही, तेल-तूप माझं नव्हतंच. तिकीट मिळालं असतं, निवडून आले असते, तर हे तुम्हाला सांगितलं असतं का? नसतं. मी मला ओळखते. तेव्हा पश्चात्तापाचं फार कौतुक करू नका.

इथवर संपलं असतं तर मी कदाचित पचवलं असतं. पण जानकी आहे ना.

तिने मामाचे फोन घेणं बंद केलं. मामाला वाटलं, आपण अग्नी द्यायला पोचलो नाही म्हणून राग. रेल्वे, मग बस, मग जीप, मग पायी — कसा पोचणार होता तो? पण तो स्वतःलाच दोष देत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत निरोप धाडत राहिला, ‘माझं चुकलं, मला माफ कर.’ पुढे गावाकडून एक पोरगा कंपनीत कामाला आला, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की जानकी काय म्हणते. म्हणते, आमा त्याचं नाव घेत होती आणि त्याला मंचावरून उतरवेना. एक शब्द मागितला तर म्हणाला, नंतर करतो. आणि आता माफी मागतो. म्हणजे त्याला माहीत आहे त्याने काय केलं ते.

कळलं तुम्हाला? त्याची प्रत्येक माफी तिच्यासाठी कबुली आहे. जेवढा तो वाकतो, तेवढी ती लांब जाते. पोटात एकच दुःख घेऊन दोघं दोन टोकांना बसली आहेत आणि मधे माझं एक वाक्य आहे. जानकीचा नंबर माझ्याकडे आहे. मी त्या पोराला म्हणाले, मामाला यातलं काही बोलू नकोस, म्हातारा झालाय, उगाच जिवाला लावून घेईल. त्याला माझं पटलं. माझं सगळ्यांनाच पटतं.

यंदाची भाऊबीज. आमच्यात तिला भाइटीका म्हणतात आणि तिचं महत्त्व दिवाळीतल्या बाकी सगळ्या दिवसांहून मोठं. बहीण भावाभोवती तेलाची धार फिरवते, म्हणजे यमाला आत यायला वाट राहत नाही. मग कपाळावर सात रंगांचा टिका लावते, गळ्यात मखमली फुलांची माळ घालते. जानकी दर वर्षी ती माळ कुणाच्या ना कुणाच्या हाती नाशिकला पाठवायची आणि टिक्याचे रंगही, पुड्या बांधून. मामा आरशात बघून स्वतःच टिका लावायचा, ती फोनवरून सांगेल तसा — आधी पिवळा, मग हिरवा. आई गेली त्या वर्षी सुतकच होतं. त्याच्या पुढच्या वर्षी तो गावाहून आलेल्या प्रत्येकाला विचारत फिरला, काही दिलंय का? कुणी काही आणलं नव्हतं. भाइटीकेला तो रिकाम्या कपाळाने कामावर गेला. आमच्या माणसाने त्या दिवशी रिकाम्या कपाळाने हिंडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? जगात आपल्यासाठी कुणी यमाशी भांडणारं नाही, हे सगळ्या गावाला दिसतं.

यंदा सकाळी दार वाजलं. बघते तर मामा. अंघोळ करून, तीच ढाका टोपी घालून. हातात पिशवी — त्यात तेलाची बाटली, रंगांच्या पुड्या, बाजारातून आणलेली झेंडूची माळ आणि माझ्यासाठी साडी.

“जानकी काय आता लावत नाय,” तो म्हणाला. “मी म्हटलं, सरू हे ना. आमच्यात भाची बहिणीपरीस कमी नसती. तू लाव.”

नवरा म्हणाला, अरे वा, या या मामा. पोराने पाट मांडला. मामा पाटावर बसला आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर आता केस फार उरले नाहीत त्याच्या.

त्या वेळी सांगता आलं असतं. नवरा आत चहा टाकत होता, पोरगं खाली फटाके उडवायला गेलं होतं. आम्ही दोघंच होतो. तो डोळे मिटून शांत बसला होता.

मी तेलाची धार फिरवली. त्याच्याभोवती, पूर्ण. त्याच्या कपाळावर सात रंग लावले, एकाखाली एक. माळ घातली. त्याने साडी माझ्या हातात दिली, मी ती घेतली.

आणि मग त्याने ते केलं. आमच्याकडे रीत आहे — तुमच्यात उलट असतं, म्हणून तुम्हाला विचित्र वाटेल — मामा कितीही म्हातारा असो, भाचीच्या पाया तो पडतो. भाची देवासारखी मानतात. तो पाटावरून कष्टाने उठला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि त्याने आपलं ते रंगवलेलं कपाळ माझ्या पायांवर ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.